रीजंट थिएटरच्या बाल्कनीतली फळी

मी एक जुनी पाइनची फळी आहे. मित्रांनो, एका अख्ख्या जिल्ह्याची समाजव्यवस्था एके काळी माझ्यावर उभी होती. खरं म्हणजे माझ्यावर काही उभं राहील इतकी माझी ताकद नव्हती. मीच चार खिळ्यांवर कशीबशी तग धरून होते, आणि जवळ कुणी जोरात शिंकलं की थरथरत असे. पण व्यवस्था उभी होती, हे मात्र खरं.

नॉर्थ कॅरोलिनात काळ्या पाण्याची एक नदी आहे. तिच्या काठच्या जंगलात मी वाढले. वखारीत माझ्याबरोबर कापल्या गेलेल्या बहिणींपैकी एक चर्चच्या बाकाला लागली, एक तंबाखू वाळवायच्या कोठारात गेली. मलाही चर्चचीच आस होती. पण हेझलबरो गावात तेव्हा नवं रीजंट थिएटर बांधत होते आणि त्यांना बाल्कनीच्या मधोमध आडोसा हवा होता. चार फळ्या एकावर एक ठोकल्या. त्यातली सगळ्यात वरची मी. माझ्या वाट्याला लोकांची कोपरं आली.

खाली गोरे बसत. वर माझ्या डावीकडे इंडियन आणि उजवीकडे काळे. इंडियन म्हणजे तुम्ही नव्हे, तिथले मूळचे. जिल्ह्यात या तिघांची संख्या जवळजवळ सारखी होती. सरकारची शिरगणती दर दहा वर्षांनी तसं छापून सांगत असे. खुर्च्या मात्र खाली चारशे होत्या आणि वर दोन्हीकडचे बाक मिळून जागा एकशे साठ. तिकिटाचा दर तिघांना एकच. हा हिशोब करताना मी सुताराला पाहिलं आहे. त्याने तो दोनदा केला आणि दोन्ही वेळा त्याला तो बरोबर वाटला.

मला सगळ्यात अचंबा वाटायचा तो तिकीट देणाऱ्या मिसेस सीलींचा. माझ्या डावीकडे कोळशासारखी काळी माणसं बसत आणि निळ्या डोळ्यांचीही. उजवीकडे सरळ केसांची, उन्हात लाल होणारी माणसं असत. कोपरावरून मला आजतागायत काही सांगता आलेलं नाही. पण त्या बाई चष्म्यावरून एकदा बघत आणि कुणी कुठला जिना चढायचा ते सांगून मोकळ्या होत. नजर कमी पडली तर एकच प्रश्न विचारत, "तुमची माणसं कोण?"

हा प्रश्न आमच्याकडे हवापाण्याच्याही आधी विचारतात. उत्तरात आजोबांचं नाव आलं की ऐकणाऱ्याला त्यांचं शेत कळतं, चर्च कळतं, स्वभाव कळतो आणि जिनाही कळतो.

आर्लीथा आणि वर्डी चेव्हिस या सख्ख्या बहिणी. वडील आधीच गेले होते. आई डेला वारली तेव्हा आर्लीथा आठ वर्षांची होती आणि वर्डी पाळण्यात. थोरलीला वडिलांच्या आत्याने काळ्यांच्या वस्तीत नेलं, धाकटीला आईच्या मावशीने इंडियनांच्या पाड्यावर. पुढच्या शिरगणतीला सरकारी माणूस दोन्ही घरी आला. त्याने आधी घर पाहिलं, मग रकाना भरला. अशा रीतीने एका आईच्या दोन मुली दोन वेगळ्या वंशांच्या झाल्या. एवढं मोठं काम त्या माणसाने शिसपेन्सिलीने केलं.

त्यांची भेट व्हायची ती फक्त शनिवारी दुपारच्या खेळाला. चौथ्या रांगेत एक माझ्या या बाजूला, एक त्या बाजूला. उकडलेल्या शेंगांची कागदी पिशवी माझ्या डोक्यावर. दोघींचे डोळे पडद्यावर आणि ओठ जेमतेम हलायचे.

"मीठ जास्त झालंय," वर्डी म्हणायची.

"मग खाऊ नकोस. पिशवीत हात कशाला घालतेस?"

"तुझ्यावर एकटीवर भार नको म्हणून, ताई."

अशी बारा वर्षं गेली. पुढे वर्डीला मुलगी झाली, लोरीना. ती सहा वर्षांची झाली आणि सप्टेंबरपासून तिला इंडियनांच्या शाळेत घालायचं ठरलं. ती शाळा त्या लोकांनी स्वतः लाकडं वाहून बांधली होती. उद्या सरकार ती काळ्यांच्या शाळेत मिसळून टाकील आणि आपलं नावच पुसलं जाईल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी तिघा वडीलधाऱ्यांची समिती नेमली होती. समिती प्रत्येक पोराच्या तीन पिढ्या तपासायची. त्याच वसंतात एका गवंड्याच्या दोन मुलांची नावं कापली होती, कारण त्याची मेहुणी नको त्या जिन्याने चढत होती. ती मुलं आता काळ्यांच्या शाळेत पाच मैल चालत जात. त्या शाळेला बस नव्हती, आणि पुस्तकं गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली असत. गवंड्याच्या घरी पाड्यावरचं कुणी पाणी प्यायलाही जात नव्हतं.

लोरीनाच्या अर्जावर सोमवारी निर्णय होता. त्याच्या आदल्या शनिवारी समितीचे प्रमुख पर्सेल डायल थिएटरात आले आणि वर्डीच्या बरोबर मागे बसले.

आर्लीथाने त्यांना आधी पाहिलं. "मागे बघू नकोस," ती पुटपुटली. "डायल."

वर्डीचं कोपर माझ्यावर होतं. ते क्षणात गार पडलं.

पुढे काय करायचं ते दोघींना न बोलताच कळलं. आमच्याकडे माझ्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांशी प्रेमाने बोलली तर लोक वळून बघत. भांडली तर कुणी मानही हलवत नसे.

"ए बाई, कोपर तिकडं घे," आर्लीथा मोठ्याने म्हणाली.

"का? फळी काय तुझ्या बापाची आहे?"

"बापापर्यंत जायचं काम नाही."

"जाणार. तुम्हाला बसायला जागा दिलीय हेच पुष्कळ झालं."

"मोठी आली जागा देणारी! तुमच्या बाकाला मखमल लावलीय का? तिकडं पण हेच ढेकूण आहेत."

"असणारच. तुमच्याकडूनच येतात."

"बायांनो," पुढून कुणीतरी म्हणालं, "घोड्यांचा आवाज ऐकू येत नाहीये."

मित्रांनो, मी थक्क होऊन ऐकत होते. एकही शब्द खोटा वाटत नव्हता. तीस वर्षांचं काही दोघींच्या पोटात साठलं असावं आणि त्याला आज आयतं निमित्त मिळालं असावं. वर्डी तर रंगातच आली.

"असल्या बायकांच्या तोंडी लागू नये, असं माझ्या आईनं मला शिकवलंय."

"आईनं शिकवलंय!" आर्लीथा उसळून म्हणाली. "तुला आठवते तरी का ती? पाळण्यात होतीस तू."

पडद्यावर घोडे दौडत राहिले. वर्डीने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

डायल पुढे वाकले. त्यांनी वर्डीकडे पाहिलंच नाही. माझ्यावरून पलीकडे बघत ते अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तुमची माणसं कोण?"

आर्लीथाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिच्या आजोबांनी चर्चची घंटा वाहून आणली होती. तिची आई पाच गावांत गाण्यासाठी नावाजलेली होती. आणि हातभर अंतरावर तिची सख्खी बहीण बसली होती. तिने शेंगांची पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

"माझं कुणी नाही," ती म्हणाली. "माझी माणसंच नाहीत."

आमच्या जिल्ह्यात चोरालाही माणसं असतात. फाशी गेलेल्यालासुद्धा असतात, आणि ती दर रविवारी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवतात. माणसं नाहीत असं म्हणणारं कुणी मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिथे दोघींना वेगळं ठेवायला ठोकलेली होते, आणि त्या घडीला मला स्वतःच्या लाकडाची लाज वाटली.

डायल मागे टेकले. खूप वेळाने ते वर्डीच्या कानाशी आले.

"तुझ्या आईच्या, डेलाच्या, लग्नात फिडल मी वाजवली होती," ते म्हणाले.

वर्डीने मला अजून सोडलं नव्हतं.

"मी विचारलं, मला उत्तर मिळालं. सोमवारी तेच लिहीन."

"आणि त्या गवंड्याची पोरं?"

"गवंड्यानं खरं उत्तर दिलं, पोरी. समितीसमोर. मग मी काय करणार?" ते उठले, टोपी घातली आणि जाता जाता म्हणाले, "भांडण चांगलं होतं. पुढच्या खेपेला आईला मधे आणू नका."

लोरीना त्या शाळेत बारा वर्षं शिकली आणि नर्स होण्यासाठी शहरात गेली. दोघी बहिणी शनिवारी येत राहिल्या. भांडणाची सवय लागल्यामुळे त्यांना आता मोकळेपणी बोलता येत होतं.

मग वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला की वंशावरून कुणाला वेगळं बसवायचं नाही. एक माणूस पटाशी घेऊन आला आणि त्याने सात मिनिटांत मला उपटून बाल्कनीच्या कठड्याला टेकवून ठेवलं. इतकी वर्षं मी जे सांभाळलं ते मोडायला सात मिनिटं लागली. त्याने मधे सिगारेटही ओढली.

त्याच आठवड्यात आर्लीथा आणि वर्डी पहिल्यांदा खालच्या दाराने आत आल्या आणि मधल्या गादीच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्या. मी वरून बघत होते. वर्डीने बहिणीचा हात धरला आणि उजेड असूनही सोडला नाही. आजूबाजूच्या गोऱ्या लोकांपैकी काही उठून निघून गेले. दोघींना ते दिसलं की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरीदारी माझ्यासारखी एखादी फळी असेल तर तिला तेलपाणी करा, वाळवीपासून जपा. पण तिच्या अलीकडे कोण बसतं आणि पलीकडे कोण, याची कागदावर चौकशी करू नका. कुणीतरी खरं उत्तर देतं आणि कुणाची तरी पोरं शाळेतून जातात.

उठून गेलेले लोक परत आले नाहीत. त्यांच्यासाठी हायवेलगत नवं थिएटर निघालं, आणि अकरा आठवड्यांनी रीजंट बंद पडलं.