ताईसाठी ध्यानाची खोली

भाऊजींनी माझ्या सख्ख्या बहिणीसाठी माझ्याच हातून तुरुंग बांधून घेतला, आणि मी त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावरून कौतुकानं हात फिरवत बसले. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

मी लाकडी घरांचे आराखडे काढते. लहान, हलकी घरं. भाऊजी एकदा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "तुझ्या ताईचं मन थाऱ्यावर नाही गं. घरामागच्या झाडीत एक छोटीशी खोली काढ. शांत बसेल, ध्यान करेल, बरी होईल." माणूस असा की आवाज कधी चढायचा नाही, जिभेवर सतत खडीसाखर. बायकोच्या मनाची एवढी काळजी करणारा नवरा बघून मी विरघळलेच.

जीव ओतला हो त्या खोलीत! पाडलेल्या गोदामाच्या जुन्या तुळया आणल्या. सिमेंट नको म्हणून खांब दगडांवर उभे केले. एक झाड मध्ये येत होतं तर झाड राहू दिलं आणि खोलीचा कोपरा कापला. खिळा कुठेच नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. मिस्त्री वैतागले. "बाई, खिळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" पण सांधे असे बसवले की कागद शिरायचा नाही.

खिडकीवरून भाऊजींची आणि माझी जुंपली. ताई मांडी घालून बसली की समोर ओढा दिसावा, अशी खाली, रुंद खिडकी मी काढली होती. भाऊजी म्हणाले, "बाहेरचं दिसलं की मन भटकतं. उंच घे. आणि लहान." मी तावातावानं भांडले. ते हसत राहिले आणि शेवटी खिडकी छताजवळ गेली, जेमतेम डोकं मावेल एवढी. भिंती दुहेरी हव्यात, बाहेरचा आवाज आत येऊ नये, हेही त्यांचंच. ते मात्र मला पटलं. दोन फळ्यांच्या मध्ये रंध्याचा भुसा दाबून भरला. मिस्त्रींनी आत जाऊन बोंब ठोकली, मला बाहेर काही ऐकू आलं नाही. आम्ही दोघं खूश! कडी भाऊजींनी स्वतः आणली, जाड लोखंडी. बाहेरून लावायची. "रिकामी असली की जनावरं शिरतील ना," म्हणाले. खरंच होतं की ते.

त्यानंतर ताईचा फोन लागेना. लावला की भाऊजी उचलायचे. "ध्यानाला बसलीये. मध्येच उठवू नये."

एका दुपारी मी न सांगता गेले. लाकडाला तेलाचा शेवटचा हात द्यायचा होता, दाराची एक खुंटी ठोकायची होती. पिशवीत तेलाचा डबा आणि लाकडी मोगरी. कडी लागलेली बघून वाटलं, आत कुणी नाही, निवांत काम होईल. उघडली.

आधी वास आला, लघवीचा. मग कोपऱ्यात ताई दिसली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. दाराच्या आतल्या बाजूला ओरखडेच ओरखडे, त्यांत रक्त सुकलेलं. तिच्या उजव्या हाताची नखं मुळापासून उखडली होती.

"ताई!"

"हळू बोल," ती म्हणाली. "ही त्यांची झोपायची वेळ आहे."

मी तिला उठवत होते तेवढ्यात मागून आवाज आला, नेहमीचाच, मऊ. "दार असं उघडं टाकू नये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वळले आणि त्याच्या कानाखाली जाळ काढला. हो, त्याच्या. यापुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही.

त्यानं शांतपणे माझे केस मुठीत धरले आणि माझं डोकं खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. तोंडात रक्त आलं, एक दात जिभेवर सुटा झाला. "नवराबायकोच्या मध्ये पडू नये, कळत नाही का तुला?" असं म्हणत त्यानं माझा गळा आवळला. राग नव्हता हो चेहऱ्यावर, तो रोजचं काम करत होता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात ताई त्याच्या पाठीवर चढली आणि तिनं त्याच्या कानाचा लचका तोडला. त्यानं कोपरानं तिला भिंतीवर फेकलं, ती घसरत खाली बसली. गळा सुटला तशी मी पिशवीवर पडले आणि मोगरी हाताला लागली.

पहिला घाव गुडघ्यावर घातला. तो उंबऱ्यात कोसळला, उजवा हात टेकून उठायला लागला. त्या हातावर मी मोगरी घातली. सुका वासा मोडावा तसा आवाज झाला. तो किंचाळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चढलेला आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी घालतच राहिले. बोटं ओळखू येईनाशी झाली तेव्हा हात दुखला म्हणून थांबले. ताईनं मला अडवलं नव्हतं.

दवाखान्यात पोलीस आले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर ताईच पुढे झाली.

"तुळई चढवत होतो. दोर निसटला आणि ती ह्यांच्या हातावर आली. ही धरायला धावली, तिच्या तोंडावर बसली. मला दाराची फळी लागली. नखं गेली ती तुळई उचलताना."

"आणि कानाला काय झालं?"

"वरून फळी आली ना, तिची कड लागली." मग त्याच्या पलंगाकडे वळून, "असंच झालं ना हो?"

दारावरचे ओरखडे अजून तसेच होते, हे त्याला माहीत होतं. त्यानं मान हलवली. पोलिसांनी लिहून घेतलं आणि गेले. ताई एकदाही अडखळली नव्हती. प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार होतं.

तिला गाडीत घातलं आणि माझ्या घरी निघाले. वाटेत न राहवून मी विचारलं, "ताई, इतकं सफाईनं बोलायला कधी शिकलीस गं?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा. न्हाणीघरात घसरले म्हणून आईला सांगितलं. तू शेजारीच होतीस. म्हणालीस, ताई, तू पहिल्यापासूनच धांदरट. सगळे हसले. मग मीपण हसले."