माईक बंद ठेवा

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एका बाईंच्या वर्गाची गोष्ट सांगतो. मागे बसाल तर ऐकू जायचं नाही, आणि ऐकू न जाण्याचीच ही गोष्ट आहे.

"कॅमेरा चालू, माईक बंद, पाठ ताठ. घरातलं कुणी चित्रात दिसता कामा नये," सहावीच्या बाई रोजच्यासारखं बजावत होत्या. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी न धुतलेला कुकर. पोरं त्यांना मागून 'फौजदार' म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाई, मांजर बसलंय वहीवर."

"मग गणित त्यालाच सोडवू दे. तू माईक बंद कर."

एका मुलीला मात्र कधी दटावावं लागत नसे. चिमणी म्हणत तिला. तिच्या चौकटीत मागे कोरी भिंत आणि आवाजाचं नाव नाही. बाई इतरांना तिचाच दाखला द्यायच्या.

"चिमणे, पुढचं उत्तर तू सांग. माईक चालू कर."

तिने नकारार्थी मान हलवली.

"चालू कर म्हणते ना."

तिने केला. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग एका बाईचा, दबलेला. "हळू हो. पोरीचा वर्ग चालू आहे."

"थांब, तुझाच वर्ग घेतो." हा पुरुषाचा. आणि पुन्हा तेच आपटणं.

बाई पडद्याकडे झुकल्या. "चिमणे, मोबाइल मागे वळव."

"पण बाई, घरातलं कुणी दिसायचं नाही ना."

इतके दिवस ती भिंतच का दिसत होती, ते बाईंना तेव्हा कळलं.

"वळव, बाळा."

बापाने आईचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं तो लोखंडी कपाटाच्या कडेवर आपटत होता. कपाटावरून रक्त ओघळत होतं.

"सगळ्यांनी माईक चालू करा," बाई म्हणाल्या. "हाका मारा त्यांना. जोरात."

"काका, सोडा काकूंना," मांजरवाला रडत ओरडला. आणि एकाने धरलेलं पालुपद साऱ्यांनी उचलावं तसा अख्खा वर्ग त्याच्यामागून ओरडू लागला. काका, सोडा. काका, सोडा.

बाप थबकला. मूठ सुटली. मग त्याचा पाय पडद्यावर आला आणि चौकट काळी झाली.

बाई अनवाणीच धावल्या. घर दोन गल्ल्या पलीकडे. पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला वाटेतच फोन केला. दार सताड उघडं, बाप पळालेला. आई भिंतीला टेकून बसली होती, कानातून रक्त येत होतं, चिमणीने त्यावर टॉवेल दाबून धरला होता. बाईंना पाहून आईने केस सारखे केले.

"बसा ना बाई. पोरं घाबरली असतील हो. त्यांना सांगा, मी बरी आहे म्हणून."

"सांगते. तुम्ही बोलू नका."

ती तेच सांगत राहिली. रुग्णवाहिका आली तोवर सांगणं थांबलं होतं, आणि श्वासही.

चार दिवसांनी वर्ग पुन्हा भरला. चिमणी बाईंच्या शेजारी बसली होती. बाई म्हणाल्या, "काकूंचा निरोप आहे. घाबरू नका म्हणाल्यात."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. जाता जाता तिला काळजी लागली होती ती लोकांच्या लेकरांची.