हळद लागलेली फ्लॉपी

रोशनीने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली आणि हसू दाबलं.

"बाबा, हिचं चित्र होतं आमच्या पुस्तकात. खरी आजच बघतेय."

महिपतला हसू आलं नाही. चार दिवसांवर रोशनीची हळद आली होती आणि धवळे म्हणायला घरात कोणी उरलं नव्हतं. लग्नाची ही गाणी यायची ती त्याच्या आईला, जनाबाईला, आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी महिपत आजवर निर्धास्त होता, कारण आईची सगळी गाणी त्याने या फ्लॉपीत घालून ठेवली होती.

शहाण्णव साली सापगावातून शहापूरला कॉम्प्युटर शिकायला जाणारा तो पहिलाच. केवढी मिजास होती गड्याची! आईलाही क्लासमध्ये नेऊन बसवलं. ती बिचारी चपला बाहेर काढून स्टुलावर टेकायची, हळू आवाजात गायची आणि हा एकेक अक्षर शोधत टाइप करायचा. असे तीन रविवार गेले. पुढे बहीण मालू आईपाशी गाणी शिकायला बसली, तर यानेच तिला उठवलं.

"कशाला घसा फोडताव? यात हाय सगळं. पन्नास वर्सं काय व्हायचं नाय त्याला."

मालू तेव्हा उठली, ती पुन्हा बसली नाही.

रोशनी ज्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, तिथे कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तिने फ्लॉपी त्यात सरकवली. नुसतीच करकर झाली. दुसऱ्यांदाही तेच. तिने ती बाहेर काढली, पत्र्याची पट्टी बाजूला केली. आत पिवळी पूड चिकटली होती.

"हे काय, बाबा?"

"हळद. दर दसऱ्याला कोयत्यासंगं पूजत व्हतो ना."

"पाणीपण?"

"शिंपडलंय थोडं थोडं."

रोशनीने फ्लॉपी टेबलावर ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं महिपतला वाटलं. तिने आपला कॉम्प्युटर चालू केला, कोरं पान उघडलं.

"टाइप तुम्हीच केलंत ना? एखादं तरी आठवत असेल. सांगा, मी लिहिते."

महिपतने डोळे मिटले. आईच्या लुगड्याचा पदर आठवला, थकलेला आवाज आठवला, पण शब्द काही केल्या येईनात. येणार कुठून? गाणं त्याने ऐकलंच नव्हतं. तो बापडा क कुठे, ळ कुठे, हेच धुंडाळत होता.

"काय म्हणायची आजी?" रोशनीने विचारलं.

"सावकाश लिव रे बाला, मी कुठं पलून चाल्ले." क्लासमधलं आईचं एवढंच बोलणं महिपतला आठवत होतं.

रोशनीने भराभर टाइप केलं. बोटं तशीच टेकवून ती म्हणाली,

"छान आहे. पुढची ओळ?"