पुस्तकाचा परिचय

"कविता सुचत नाही, कादंबरी झेपत नाही, म्हणून उत्तराबाई कथा लिहितात," असं कादंबरीकार श्रीरंगराव मयूर विहारच्या मराठी मंडळात सांगत सुटायचे. उत्तराने डूख धरला होता. आणि स्वतःच्या रहस्यकादंबरीच्या प्रकाशनात पुस्तकाचा परिचय करून द्यायची गळ त्यांनी तिलाच घातली. दिल्लीत मराठी लिहिणारं दुसरं माणूस आणणार कुठून!

माइक हातात येताच तिने ती चारशे पानं चहा निवायच्या आत सांगून टाकली, खुनी कोण त्यासकट. श्रोते श्वास रोखून ऐकत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळे सामोशांकडे वळले. विक्रीच्या प्रतींना कुणी हातही लावला नाही.

"हे काय केलंत?" श्रीरंगराव पांढरेफटक पडले.

"तुमच्या कादंबरीची कथा केली," उत्तरा म्हणाली. "मला तेवढंच झेपतं ना!"