दाट सूप

धाकटीने वाडगा उचलला आणि खिडकीच्या उजेडात तिरका केला. सुपावर तेलाचा एखादा थेंब चमकतोय का, हे ती रोज असं बघत असे. चमकला नाही. मग तिने चमचा बुडवला, पहिला घोट जिभेवर घोळवला आणि समाधानाने मान हलवली.

“ताई, नुसत्या गाजर-भोपळ्याचं सूप इतकं दाट होतं कसं गं तुझं?”

“भोपळा नीट घोटला की होतं,” थोरली म्हणाली आणि ओटा पुसायला वळली. ओटा मघाशीच पुसून झाला होता.

भोपळ्याचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. थोरली बेकरीत कामाला होती. तिथे दुपारी पावाबरोबर सूपही विकत. लोणी आणि मैदा सारखे घेऊन बोटांनी मळायचे, ती गोळी उकळत्या सुपात टाकून घोटायची. लोणी वर तरंगत नाही आणि सुपाला दाटपणा येतो. बेकरीतली ही रोजचीच युक्ती. आता धाकटीच्या हिशेबी लोणी म्हणजे पाप आणि मैदा म्हणजे विष. गेले दोन महिने ती हे पाप आणि हे विष वाडगा भरभरून पीत होती, वर कौतुकही करत होती, आणि ते ऐकताना थोरलीला जे सुख मिळायचं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तशी ती वाईट बाई नव्हती. पण माणसाने सोसायचं तरी किती? साखर सोडली म्हणून धाकटीचं कौतुक, तळलेलं सोडलं म्हणून कौतुक, मग बाहेरचं, मग डब्यातलं, मग पिशवीतलं. सोडायला काही उरलं नाही तरी कौतुक काही संपेना. शेजारणी जिन्यात गाठून तिला विचारायच्या, “रात्री फळ चाललं का गं?” आणि धाकटी एखाद्या न्यायाधीशासारखी निकाल द्यायची. थोरली पिठाने माखलेल्या हातांनी त्याच जिन्यावरून वर यायची. तिला कुणी वाट देण्यापलीकडे काही विचारत नसे.

एवढंही तिने गिळलं असतं. पण आईने पाव सोडला.

इतकी वर्षं थोरली सकाळच्या पाळीवरून येताना एक गरम पाव कागदात गुंडाळून आणायची. आई कागद उघडायच्या आधी तो नाकाशी धरायची, आणि दोघी चहात बुडवून खायच्या. धाकटी तेव्हा झोपलेली असे. दिवसाचा तेवढाच तुकडा थोरलीच्या वाट्याचा होता. एके सकाळी आईने कागद न उघडताच बाजूला ठेवला. “नको गं आता. छोटी म्हणते, आतड्याला चिकटतो तो.” थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी तिने पहिली गोळी वळली.

सांगायचा दिवसही तिने मनाशी पक्का केला होता. रविवारी खालच्या हॉलमध्ये धाकटी सगळ्या शेजारणींना शुद्ध आहारावर चार शब्द सांगणार होती. थोरली मागून उठणार आणि अगदी गोड आवाजात विचारणार होती, “काय गं छोटे, दोन महिने मैदा खाऊन तुझं काय बिघडलं?” वाक्य तिने आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. ‘गं’वर थोडं थांबायचं.

रविवार यायच्या आधीच धाकटी ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली.

आई आणि थोरली तिला ज्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या, त्या शांत होत्या. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि भलतंच विचारायला सुरुवात केली.

“दुसऱ्या कुणाकडे शेवटचं कधी जेवलात?”

धाकटी आठवू लागली. तेवढ्यात आईच म्हणाली, “ती कुठे जातच नाही हो जेवायला. फार शिस्त आहे तिला.”

“त्यांना बोलू द्या. नको असलेला घास चुकून पोटात गेला तर काय करता?”

“दुसऱ्या दिवशी काही खात नाही.”

“आणि दिवसभर डोक्यात काय असतं?”

धाकटीने हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “हेच. आज काय चालेल, ते कुठून आणायचं, कितीदा धुवायचं. मैत्रिणी बोलत असतात, मी हो हो करते, पण आत हेच चालू. त्यांनी बोलवायचंच सोडलं आता.” मग अगदी हळू म्हणाली, “दमले मी.”

थोरलीने चमकून तिच्याकडे पाहिलं. हा आवाज तिने घरात कधी ऐकला नव्हता.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चांगलं खाणं हा काही रोग नाही. बारीक व्हायचं वेडही वेगळं, ते यांना नाही. यांना शुद्ध राहायचंय. पण नियम मोडला की भीती वाटते, स्वतःला शिक्षा करावीशी वाटते, माणसं तुटतात, अंगातलं रक्त कमी होतं. इथवर आलं की त्याला आजारच म्हणायचं. त्याला नाव आहे. त्यावर डॉक्टरांचं अजून पुरतं एकमत नाही, पण नाव काय करायचंय? उपचार करू.”

आजार! थोरलीच्या छातीत काहीतरी उसळलं. म्हणजे शिस्त नव्हती, मोठेपणा नव्हता, आजार होता. घे, आता ऐक म्हणावं. तिने मोठ्या आशेने आईकडे पाहिलं. आईने धाकटीचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत होती. थोरली खिडकीबाहेर बघू लागली. बरी असली तरी हीच, आजारी असली तरी हीच. आपण एकदा ताप अंगावर काढून भट्टीसमोर उभ्या होतो, तेव्हा आईने नुसती गोळी घे म्हणून सांगितलं होतं, हेही तिला आठवलं. माणसाचं मन अशा वेळी काय काय उकरून काढतं.

“कुणाच्या हातचं खाता का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“फक्त ताईच्या.”

“आईच्या नाही?”

“आई कौतुक करते, म्हणजे बघत असते. सगळेच बघत असतात. ताई काही म्हणत नाही. नुसतं करून देते.” धाकटी थोरलीकडे बघून ओशाळं हसली. “तिच्या सुपाचा वाडगा हातात आला की तेवढा वेळ डोकं गप्प बसतं.”

आईने वळून थोरलीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी आईने तिच्याकडे असं पाहिलं असेल. थोरलीला क्षणभर वाटलं, जिंकले. आणि दुसऱ्याच क्षणी तिला लोण्याचा डबा आठवला.

“त्या सुपानंच तुम्हाला उभं ठेवलं असणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग थोरलीकडे वळल्या. “आता पुढचं तुमच्यावर. एकेक जिन्नस वाढवायचा, पण यांना सांगून, यांच्यासमोर. लपवून काही घालू नका. घरचे लोक प्रेमापोटी घालतात. एकदा का कळलं, की मग या तुमच्याही हातचं खाणार नाहीत.”

“प्रेमापोटी,” थोरली म्हणाली. तिला ‘बरं’ म्हणायचं होतं.

रविवार आला. हॉलचा कार्यक्रम रद्द झाला होता. थोरलीने गाजर किसलं, भोपळा चिरला, धाकटीला आवडतं तसं सगळं पाण्यातून काढलं आणि शिजायला ठेवलं. लोण्याचा डबा तिने काढलाच नाही. आता यापुढे काय घालायचं ते तिला विचारून, तिच्या डोळ्यांसमोर. झालं ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिने सूप घोटलं, खूप घोटलं, मनगट दुखेपर्यंत घोटलं.

धाकटी खिडकीशी बसली होती. आई तिच्याजवळ. थोरलीने वाडगा पुढे ठेवला. धाकटीने तो उचलला, उजेडात तिरका केला, चमचा बुडवला. घोट जिभेवर घोळला आणि तिथेच थांबला. तिने तो कसाबसा गिळला.

“पातळ झालंय आज.”

“पाणी जास्त पडलं असेल.”

धाकटीने चमचा पुन्हा बुडवला, वर उचलला आणि त्यातलं सूप वाडग्यात ओघळताना बघत राहिली. तिच्या दुसऱ्या हाताची मूठ हळूहळू आवळली गेली. इतरांच्या ताटांकडे ती ज्या नजरेने बघायची, ती नजर आता थोरलीच्या हातांवर आली.

“चवही वेगळी आहे. ताई, यात काय घातलंयस तू?”

“अगं, ताईनं केलंय,” आई घाईघाईने म्हणाली. “ती कशाला काय घालेल? खा बाळा. नेहमीचंच आहे ते. हो की नाही गं?”

थोरलीने आईकडे पाहिलं. नुसती मान हलवायची होती. आत जाऊन एक गोळी वळायची, घोटायची, आणि सूप होतं तसं होणार होतं. धाकटी मिटक्या मारत पिणार होती, आई अशीच बघत राहणार होती. आयुष्यभर.

धाकटीने वाडगा खाली ठेवला आणि बोटाच्या टोकाने लांब सरकवला.

“काय घातलंयस ते सांग ना, ताई.”

“आज काहीच घातलं नाही,” थोरली म्हणाली.

धाकटीची मान हळूच वर आली.

“आज?”

थोरलीने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.