एका दोरीचे दोन वाटे

वाटणी झाली की घरात दोन आवाज उठतात. एक "झालं बुवा बरोबर" म्हणणाऱ्याचा आणि दुसरा ओठांतच गिळलेला. कादिरबेकच्या घरात फक्त पहिलाच ऐकू आला, कारण दुसरा आवाज तेव्हा मॉस्कोत होता.

कादिरबेक आमच्याच गावचा, सरोवराच्या दक्षिण काठावरचा. माणूस काही वाईट नाही. धाकटा मुलगा म्हणून बापाचं घर रीतीप्रमाणे त्याच्याकडे आलं आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण जाताना म्हाताऱ्यानं बजावलं होतं, "मागची जमीन दोघांना सारखी. आयसाल्किनलाही." आयसाल्किन ही कादिरबेकची मोठी बहीण. नवरा सोडून गेल्यावर ती मॉस्कोला गेली आणि तिथल्या एका दवाखान्यात फरशा पुसू लागली. आमच्याकडे मुलीला पाहुणी म्हणतात. पाहुणीला जमिनीचा वाटा मिळतोय म्हटल्यावर गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं.

वाटणीची आमची रीत जुनी आहे. घोड्याच्या केसांची एकच लांब दोरी घ्यायची, आधी एका वाट्याच्या कडेनं फिरवायची, मग तीच दुसऱ्याच्या कडेनं. दोन्हीकडे टोकाला टोक भिडलं की वाटे सारखे. कादिरबेकनं तसंच केलं. त्याच्याकडे सफरचंदांचा चौकोन आला आणि बहिणीकडे पाटाच्या कडेची लांबच लांब पट्टी. दोन्हीकडे टोकं भिडली, म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवून आशीर्वादाचं "ओमिन" म्हटलं. त्यानं फोनवर चित्रफीत पाठवली, तिच्यात पट्टी संपता संपत नव्हती.

आयसाल्किननं ती चित्रफीत किती वेळा पाहिली असेल, देव जाणे. तिकडे एका खोलीत सहाजणी झोपायच्या. डोळे मिटले की तिला आईचा पांढरा युर्त, तो गोल लोकरी तंबू, दिसे. आईनं लोकर झोडून, लाटून, तिचे नमदे स्वतः केले होते. ते आयसाल्किनच्या लग्नासाठी होते, पण लग्न शहरात झालं आणि युर्त कोठारातच बांधून राहिला. पुढे आईही गेली. आपल्या जमिनीवर तो एकदा तरी उभा करायचा, आत चूल पेटवायची आणि आपल्याच उंबऱ्यात बसून सरोवराकडे बघायचं. बाकी तिला काही नको होतं. या एका ओढीवर बाईनं तिकडचे हिवाळे काढले.

वसंतात ती आली. सामान टाकलं आणि तडक कोठारात गेली.

शेजारी मदतीला धावले. काठ्यांच्या जाळीच्या सहा भिंती एकमेकींना बांधल्या, गोल फिरवायला घेतल्या, आणि अर्धा गोल थेट कादिरबेकच्या कुंपणावर जाऊन आदळला.

"एजे, जरा लांबट करूया ना," कादिरबेक म्हणाला. मोठ्या बहिणीला तो एजे म्हणे. "काकडीसारखं. भिंत तेवढीच राहते की!"

"छताचं वरचं गोल चाक काय काकडीचं आणू?" आयसाल्किन म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. हातातली दोरी खाली ठेवून ती पाटाच्या कडेला जाऊन बसली. "राहू दे रे. माझाच वाटा आहे ना, मग असेल बरोबर. मलाच तो मोठा वाटला होता."

हे ऐकलं आणि सूसार आत्या उठली. ही त्यांच्या बापाची बहीण. गावातल्या शाळेत तिसरीला शिकवता शिकवता म्हातारी झालेली, आणि निम्मं गाव अजून तिला टरकून असतं.

"कादिर, इकडे ये. भिंत लांबट करायची म्हणतोस ना? करा रे पोरांनो. दाबा! अजून दाबा!"

माणसांनी दोन्ही बाजूंनी जाळी दाबली. भिंती समोरासमोर आल्या, मधे हातभर जागा उरली.

"जा, आत बस."

"आत्या, लोक बघतायत."

"म्हणूनच म्हणते, बस!"

कादिरबेक आडवा होऊन आत शिरला. गुडघे छातीला लागले, टोपी जाळीत अडकली. पोरी खिदळल्या.

"भिंतीतली एक काठी तरी कमी केली का मी?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे परिमिती तेवढीच. मग बसायला जागा का नाही? तिसरीत घसा फोडून सांगितलं होतं तुला. कडेनं चालायचं ती परिमिती. आत बसायचं ते क्षेत्रफळ! तू आयुष्यभर कडेनंच चालत राहिलास, बाळा."

"पण आत्या, दोरी एकच होती! सगळ्यांसमोर फिरवली. म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिला."

"आशीर्वाद दोरीला दिला की पोरीला?" आत्या मातीतच बसली आणि काडीनं रेघा ओढू लागली. "तुझा वाटा वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. चारही बाजू मिळवल्या तर ऐंशी. हिचा सदतीस लांब, तीन रुंद. दोनदा सदतीस, दोनदा तीन. ते पण ऐंशी. दोरी खोटं बोलली नाही. आता मीटर-मीटरचे चौकोन आत मांडून बघ. तुझ्यात वीस ओळी, प्रत्येक ओळीत वीस. किती?"

"चारशे," कादिरबेक जाळीतूनच म्हणाला.

"आणि हिच्यात? सदतीस गुणिले तीन."

कादिरबेकनं ओठांशी पुटपुटत गुणाकार केला. मग हळूच म्हणाला, "एकशे अकरा."

"तू गवताचं कुरण विकत घेतोस तेव्हा कड मोजतोस का रे? आत गंजी किती उभ्या राहतील ते बघतोस. तेव्हा बरं क्षेत्रफळ येतं तुला! गवत आत उगवतं, बटाटे आत येतात, माणूस आत राहतो. बहिणीचा वाटा म्हटलं की मात्र दोरी!"

"मी मुद्दाम नाही केलं, आत्या."

"माहितीय मला. मुद्दाम केलं असतंस तर कान उपटून मोकळी झाले असते. तू फक्त तपासलं नाहीस. चूक तुझ्या सोयीची होती ना!"

कादिरबेक धडपडत बाहेर आला. त्याची बायको दारात उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं. तिनं मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. तो पाटाकडे गेला.

"एजे," तो म्हणाला, "चित्रफीत बघून फोनवर तू रडली होतीस. मला वाटलं, आनंदानं."

"आनंदानंच रडले होते रे."

अरेरे! त्यानं पहार आणली आणि कुंपणाचा पहिला खांब स्वतः उपटला. म्हातारे कुरकुरले, एकदा "ओमिन" म्हटलेलं मोडतात का? आत्यानं त्यांच्या हातात खुंट्या आणि सुतळी दिली आणि चौकोन आखायला बसवलं. दोघांच्या वाट्यांत सारखेच चौकोन येईतो सुतळी सरकत राहिली. सफरचंदाची काही झाडं आयसाल्किनकडे आली, त्यांच्यामधल्या कादिरबेकच्या बटाट्यांच्या चार ओळी गेल्या. त्याच्या तोंडावर त्या चार ओळी स्पष्ट दिसत होत्या, उगाच खोटं कशाला सांगू? पण हात थांबला नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कितीजणांच्या घरात अशी दोरी फिरली असेल! कड सारखी दिसली की आपण न्याय झाला म्हणतो आणि हात झटकतो. बहिणीचं नाव कागदावर असतं, सुनेला घर "तुझंच" असतं, पण आत पाय पसरायला जागा किती, हे कोण मोजतं? न्यायाला नुसती कड पुरत नाही. आतलं माप घ्यावं लागतं. आणि चूक आपल्या फायद्याची असेल, तर माप दोनदा घ्यावं.

दुपारी युर्त उभा राहिला. गोल, पांढरा, नमद्यांना अजून कोठाराचा वास. आयसाल्किननं चूल पेटवली आणि तेलात पिठाचे गोळे तळायला घेतले. गेलेल्या माणसांपर्यंत तळणाचा वास पोचतो, असं आम्ही मानतो. धूर वरच्या चाकातून आभाळात गेला. ती आपल्या उंबऱ्यात आली, पण सरोवराकडे तिनं पाहिलं नाही. मागे वळून आतल्या गादीची सुरकुती हातानं सारखी केली आणि म्हणाली, "आई, ये गं. ऐसपैस बस."