कबुतरांच्या बंदोबस्ताला महानायक

मी 'रातवा' बोलतोय. दचकू नका, अंगावर येणार नाही. मी एका व्हिडिओ गेमची तबकडी आहे आणि सध्या मुलुंडच्या एका तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ग्रिलला लाल लोकरीने टांगलेला आहे. महानायकांचेही दिवस फिरतात.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात एक आख्खं शहर भरलं, गल्लोगल्ली गुंड पेरले आणि त्यांचा समाचार घ्यायला काळ्या मुखवट्यातला रातवा सोडला. त्याला दोन विद्या येतात: समोरासमोर हाणामारी, आणि अंधारात दबा धरून मागून झडप. तोंडाने बोलून प्रश्न सोडवायची सोय ठेवलेली नाही. त्याचं बटणच नाही.

या घरच्या नितेशने मला लग्नाआधी हौसेने आणलं. हा मालाडच्या ऑफिसात दिवसभर मान डोलावणार आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्यातल्या गुंडांची हाडं खिळखिळी करणार. एकदा ऐन मारामारीत बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी किरणकाका मीटिंगला बोलवायला आले होते. आमचे वीर टीव्हीचा आवाज बंद करून सोफ्यामागे बसले.

"मी नाहीये म्हणून सांग ना यार!"

"लाज वाटू दे जरा," अक्षता, म्हणजे त्याची बायको, म्हणाली आणि दार उघडायला गेली. हाणामारी त्याने टीव्हीतच ठेवली होती. दबा धरणं तेवढं संसारात आणलं होतं.

पुढे गेम थेट इंटरनेटवरून उतरवता यायला लागले आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, मेलेल्या रिमोटांच्या शेजारी. तिथेच कुजलो असतो. पण नितेशच्या आईला, विमलाबाईंना, खोकला लागला. साधा नव्हे, जिना चढताना भिंत धरायला लावणारा. डॉक्टरांनी खिडकीत कबुतरं येतात का ते विचारलं आणि बजावलं, "ती आधी बंद करा. फुप्फुसं एकदा कडक झाली की परत मऊ होत नाहीत."

चकाकीला कबुतरं घाबरतात, असं कोणीतरी सांगितलं आणि मी खिडकीत आलो. कबुतरं दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी माझ्यात स्वतःचं तोंड बघून माना फुगवायला लागली. आजवर मी खरोखर एकालाच पळवून लावलं आहे, एका कावळ्याला. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

कबुतरं हटेनात तेव्हा संशय वरच्या मजल्यावरच्या दत्तारामकाकांवर गेला. तेच वरून दाणे टाकत असणार. अक्षता रोज म्हणायची, "वर जाऊन सांग ना त्यांना." नितेश रोज म्हणायचा, "सांगतो गं." शेवटी त्याने आपल्या स्वभावाला साजेशी मोहीम काढली. एका रविवारी दुपारी तो फ्रिजमागे मोबाइल रोखून उकिडवा बसला. पडणाऱ्या दाण्यांचा व्हिडिओ काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं.

वरून काहीच पडलं नाही. विमलाबाई आल्या, पदराने कठडा पुसला आणि त्यावर वरणभाताचा घास ठेवला. हात जोडून म्हणाल्या, "जेवून घ्या." नवरा गेल्यापासून त्या रोज कावळ्यासाठी त्याच्या नावाचा घास ठेवत होत्या. मला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण यंत्रात घातल्याशिवाय मला वाचा नाही. कावळा येईना, एकदा आला तो मीच पळवलेला, म्हणून कबुतरं जेवत होती. त्यांचा पहारेकरी मी, आणि पंगत माझ्याच नाकाखाली.

नितेश मोबाइल खाली करून दबक्या पावलांनी मागे सरकला. माझ्याकडून शिकलेली ही त्याची सगळ्यात पक्की चाल. त्यानंतर तो आईची नजर चुकवत राहिला. कबुतरं जेवत राहिली, विमलाबाई खोकत राहिल्या. मला त्याचा राग आला होता. अरे, डझनभर गुंडांना भिडणारा तू, एका म्हातारीशी बोलायला घाबरतोस?

पुढच्या रविवारी खोकता खोकता विमलाबाई ओट्याला धरून खालीच बसल्या. नितेश धावत आला. पाणी पाजलं, पाठ चोळली. मग कठड्यावरचा घास उचलला.

"आई, हे कबुतरं खातात गं. बाबांपर्यंत नाही पोचत."

"माहीत आहे मला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कावळा कुठून आणू? कोणीतरी खातंय ना. ते उपाशी राहिले, तर माझ्या घशाखाली उतरेल का?"

मला वाटलं, निघाला हा सोफ्यामागे. पण तो तिथेच फरशीवर मांडी घालून बसला.

"मग तो घास मला दे. रोज डब्यात वेगळा बांध. बाबांच्या नावाने मी आधी तो खाईन, मग माझं जेवण."

विमलाबाई ओट्याला धरून उठल्या. "विसरशील."

"फोन करून सांगत जाईन."

कबुतरांनी आता शेजारची खिडकी गाठली आहे. खोकला पुरता गेलेला नाही, पण जिन्यात भिंत धरावी लागत नाही. किरणकाकांची बेल वाजली की नितेश अजूनही सोफ्यामागे जातो, तेव्हा फार कौतुक नको.

माझं एवढंच मागणं आहे की मला परत ड्रॉवरमध्ये टाकू नका. दुपारी मला इथेच असायचं असतं. विमलाबाई जेवणाचं ताट झाकून या खिडकीशी उभ्या राहतात. फोन वाजतो.

"आई, खाल्ला गं."

मग त्या जेवायला बसतात.